नदीकाठचे लहान रंगीत मासे व त्यांची ओळख

ज्येष्ठाच्या अखेरीस एकदोन मोठे पाऊस होऊन ओढ्यांना पाणी आलें, म्हणजे नदींतील लहान मासे प्रवाहाच्या उलट चढूं लागतात. कोंकणांत ह्यास वलगण म्हणतात. घाटावर नुसतें 'चढणीचे मासे' असें म्हणण्याचा प्रघात आहे. बांधाच्या मोरींतून, पाटांतून, कधीं कधीं भाताच्या खाचरांतसुद्धां हे मासे शिरतात, व शेतकऱ्यांचीं मुलें ते धोतराच्या फडक्यानें धरून काचेच्या बरणींत घालून घरीं आणतात. बरणी उन्हांत धरली कीं त्यांच्या अंगावर तांबडा, पिवळा, निळा असे रंग चमकतात, आणि घरांतील वडील मंडळी एका शब्दांत निकाल देतात, "गप्पी आहेत." दुसरे कोणी म्हणतात, "माशांचें बी आहे, तळ्यांत सोडा." ह्या दोन्ही निकालांपैकीं एकही बहुधा खरा नसतो, आणि दोहोंपासूनही नुकसान होतें. तें कसें होतें, व तें टाळण्यासाठीं मासा कसा ओळखावा, हें येथें सांगावयाचें आहे. आमचें विवेचन कृष्णा, पंचगंगा, हिरण्यकेशी, नीरा ह्या नद्यांच्या व त्यांस मिळणाऱ्या ओढ्यांच्या काठीं दिसणाऱ्या माशांपुरतें आहे.

सर्वांत आधीं एक गोष्ट मनांत पक्की धरावी. मासा रंगावरून ओळखूं नये. आम्हीं महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत आयुष्य घालविलें, तेव्हां दाखलाही तेथलाच देतों. एखादें शेत कोणतें हें त्यांतील पिकावरून ठरवूं गेल्यास गेल्या सालचा ज्वारीचा नंबर यंदां उसांत हरवेल. शेत ओळखावयाचें तें हद्दीच्या दगडांवरून व टिपणावरून. माशाचा रंग हें पीक आहे. तोंड, मिशा, पर आणि अंगावरील काळ्या खुणा हे हद्दीचे दगड होत.

रंग कसा फसवितो हें समजून घेण्यासारखें आहे. माशाच्या कातडींत रंगाचे सूक्ष्म कण भरलेल्या पेशी असतात. हे कण पेशींत पसरले म्हणजे रंग गडद होतो, एकवटले म्हणजे फिका पडतो. बरणींत कोंडलेला मासा घाबरून थोड्याच वेळांत पांढुरका पडतो तो ह्यामुळें. रात्रींही पुष्कळ जातींचा रंग उतरतो. चांदीसारखी जी चमक दिसते, ती तर खरा रंगच नव्हे. ग्वानीन नांवाच्या पदार्थाच्या पातळ स्फटिकांवरून उजेड परततो म्हणून ती दिसते, व बरणी थोडी कलती केली कीं निळी छटा हिरवी होते. शिवाय विणीच्या दिवसांत नर तांबडालाल होतो, आणि त्याच डोहांतील त्याची मादी मातकट राहते. आमच्या एका स्नेह्यांनीं अशीं एकाच जातीचीं नर-मादी दोन निरनिराळ्या जाती समजून दोन बरण्यांत वेगळीं ठेविलीं होतीं, आणि त्यांपैकीं एक जात 'जवळजवळ नाहींशी झाली आहे' असें ते भाद्रपदांत आम्हांस खेदानें सांगत होते. विणीचा हंगाम सरून नरांचा रंग उतरला होता, इतकेंच.

पहावयाच्या खुणा थोड्या आहेत. तोंड वर वळलेलें आहे, समोर आहे, कीं खालच्या अंगास आहे. ओठांशीं मिशा आहेत कीं नाहींत, असल्यास किती लांब. पाठीवरचा पर अंगाच्या मध्यावर आहे कीं शेपटीकडे सरकलेला. काळा ठिपका वा रेघ असल्यास ती नेमकी कोठें. आणि मासा पाण्याच्या कोणत्या थरांत पोहत होता. ही शेवटची गोष्ट बरणींत कळत नाहीं. म्हणून मासा धरण्यापूर्वीं थोडा वेळ काठावर स्वस्थ बसावें व आपली सावली पाण्यावर पडूं देऊं नये.

काठाशीं सर्वांत अधिक दिसणारा रंगीत मासा म्हणजे लहान खवली. दोन-तीन इंच लांब, अंग उंच व दोन्ही बाजूंनीं दबलेलें, खवले अंगाच्या मानानें मोठे व स्पष्ट. गांवोगांव हिला निरनिराळीं नांवें आहेत, त्यांबद्दल वाद घालण्यांत अर्थ नाहीं. हिची खूण म्हणजे दोन ठिपके: कल्ल्याच्या किंचित् मागें एक बारीक काळा ठिपका, आणि शेपटीच्या अलीकडे, पोटाखालच्या शेवटच्या पराच्या वर, दुसरा मोठा. मिशा मुळींच नाहींत. पाऊस सुरू झाला कीं नराच्या बाजूवर तांबडा पट्टा चढतो व पाठीच्या परावर काळे ठिपके उठून दिसतात. हिचाच एक भाऊबंद तिच्याच थव्यांत सांपडतो. त्याचा एक ठिपका अगदीं शेपटीच्या बुडाशीं व दुसरा पाठीवरच्या पराच्या बुडाशीं असतो. दोघांसही ठिपके दोनच, पण जागा निराळ्या. नुसते ठिपके मोजून भागत नाहीं, हें ह्यावरून कळेल.

ह्या लहानशा मासोळीच्या नांवाची हकीकत मौजेची आहे. फ्रान्सिस हॅमिल्टन ह्यांनीं १८२२ सालीं गंगेच्या माशांवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत दोन ठिपक्यांच्या खवलीस टिक्टो असें नांव दिलें. पुढें आमच्याकडील तशा दिसणाऱ्या खवल्यांनाही तेंच नांव लावण्याची वहिवाट पडली. २०१२ सालीं अशा लहान खवल्यांसाठीं पेथिया ही निराळी प्रजाति मांडण्यांत आली, आणि २०१४ सालीं हिरण्यकेशी नदींतील एक खवली पेथिया लाँगिकॉडा ह्या नांवानें स्वतंत्र जात म्हणून वर्णिली गेली. ज्या पाण्यांत पिढ्यान्‌पिढ्या गुरें धुतलीं गेलीं, त्यांतल्या माशाला स्वतःचें नांव मिळावयास इतका काळ लागला. त्या मानानें कर्नल साइक्स ह्यांनीं १८३९ च्या सुमारास दख्खनच्या माशांचें वर्णन केलें, तेव्हां इकडील लोकांच्या तोंडचींच नांवें लॅटिनांत नेलीं, हें त्यांचें करणें आम्हांस अधिक शहाणपणाचें वाटतें. खुद्री व फुलंगी हीं दोन नांवें शास्त्रांत अजून चालू आहेत.

मधल्या थरांत थव्यानें जाणारा लांबट मासा दिसल्यास त्याच्या बाजूवरील रेघ पहावी. नाकापासून शेपटीपर्यंत एकच काळी रेघ व तिच्यावर बारीक सोनेरी रेघ असून मिशा नसतील, तर तो रासबोरा. तशीच रेघ असून मिशा पोटाच्या मध्यापर्यंत लोंबत असतील, तर तो इसोमस. रेघा निळ्या व अनेक असून त्यांच्यामधें पिवळ्या फटी असतील, आणि कल्ल्यामागें त्या रेघा तुटून उभे तुकडे झाले असतील, तर तो डेव्हारिओ. हा वाहत्या स्वच्छ पाण्याचा रहिवासी असून बरणीचें तोंड उघडें राहिल्यास हटकून उडी मारून बाहेर पडतो. त्याचा धाकटा चुलतभाऊ झेब्रा मासा हाही हॅमिल्टनच्या त्याच ग्रंथांतला. आज तो जगभरच्या प्रयोगशाळांत पाळला जातो, व २०१३ सालीं त्याचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. संथ पाण्यांत आणखी एक मासा भेटतो, त्याच्या अंगांतून आरपार दिसतें व कांटेही मोजतां येतात. पाठीवर दोन पर असतात. शहरांतील दुकानांत अशाच काचेसारख्या माशांच्या अंगावर गुलाबी वा हिरवे पट्टे दिसले, तर ते सुई टोंचून घातलेल्या रंगाचे समजावे.

तळाच्या वाळूंत व दगडांखालीं मुरा जातीचे मासे राहतात. अंग गोल व निमुळतें, तोंड खालच्या अंगास, त्याभोंवतीं आंखूड मिशा. एका प्रकारच्या बाजूवर ठिपक्यांची ओळ असते व डोळ्याखालीं एक बारीक कांटा दडलेला असतो. धरतांना बोटास तो टोंचला म्हणजे ओळख पटते. दुसऱ्या प्रकारच्या अंगावर उभे पट्टे असतात. त्यास शिस्टुरा म्हणतात, व तो खळाळत्या, गार पाण्यांतच टिकतो. २०२० सालीं आंबोली येथें, हिरण्यकेशीच्या उगमाजवळील देवालयाच्या पाण्यांत, शिस्टुरा हिरण्यकेशी ही नवी जात नोंदली गेली, व २०२१ सालीं महाराष्ट्र सरकारनें ती जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. बोटाएवढ्या माशासाठीं सरकारनें जागा राखावी हें ऐकून आमच्या चावडींतील मंडळींस हसूं आलें होतें. परंतु असा मासा एका उगमापलीकडे जाऊं शकत नाहीं. तें पाणी बिघडलें म्हणजे त्यास दुसरें गांव नाहीं.

आतां गप्पीकडे वळूं, कारण खरें नुकसान येथें होतें. गप्पी हा आपल्या देशांतला नव्हे. दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागांतील व त्रिनिदाद बेटांतील हा मासा. नांवाचा आपल्या गप्पांशीं कांहीं संबंध नाहीं. रॉबर्ट जॉन लेचमियर गप्पी ह्या गृहस्थांनीं त्रिनिदादहून तो विलायतेस पाठविला, त्यांचें तें आडनांव. डासांच्या अळ्या खाण्यासाठीं तो व त्याचा उत्तर अमेरिकेंतील आप्त गॅम्बुशिया हे दोघे आपल्याकडे आणले गेले. गॅम्बुशिया १९२८ सालीं आला. घाण पाण्यांतही गप्पी तग धरतो, म्हणून गटारें व बंदिस्त हौद ह्यांत तो सोडण्यास आमची हरकत नाहीं. हरकत आहे ती नदीशीं जोडलेल्या पाण्यांत सोडण्यास.

ह्याच कामाचा देशी मासा आपल्या ओढ्यांत आधींच आहे. पृष्ठभागाला अगदीं लागून, झाडोऱ्याच्या आडोशानें तो स्थिर उभा असतो. वरून पाहिलें असतां डोकें चापट दिसतें, व डोक्यावर मध्यभागीं चांदणीसारखा एक पांढरा ठिपका चमकतो. अंधुक पाण्यांतही हा ठिपका प्रथम दिसतो. अंगावर सोनेरी ठिपक्यांच्या आडव्या ओळी, त्यांवर कांहीं उभे काळे पट्टे; मादीचे पट्टे अधिक ठळक. तोंड वर वळलेलें, आणि पाठीवरचा पर फारच मागें, शेपटीजवळ. शास्त्रांत ह्यास अप्लोकायलस म्हणतात. तो डासांच्या अळ्या आवडीनें खातो व पाणवनस्पतींवर अंडीं घालतो.

गप्पीचेंही तोंड वर वळलेलें व तोही पृष्ठभागींच राहतो, म्हणून घोटाळा होतो. फरक असा. गप्पीच्या डोक्यावर चांदणी नाहीं. नर जेमतेम इंचभर, शेपूट झिरमिळ्यासारखें व रंगीबेरंगी, आणि एकाच्या रंगाशीं दुसऱ्याचा रंग जुळत नाहीं; त्याच्या पोटाखालचा शेवटचा पर बारीक काडीसारखा झालेला असतो. मादी राखी, थोराड, व तिच्या पोटाच्या मागल्या अंगास काळसर डाग असतो. ती अंडीं न घालतां जिवंत पिलें घालते. देशी माशाचा तोच पोटाखालचा पर लांबच लांब पायाचा असतो, गप्पीचा व गॅम्बुशियाचा आंखूड असतो. डोक्यावरची चांदणी व हा लांब पर, एवढ्या दोन खुणा पाठ असल्या तरी काम भागतें.

त्या आम्हांस पाठ नव्हत्या. शेजारच्या एका शेतकऱ्यानें शेततळें केलें, त्यांत डास फार झाले, तेव्हां आम्हीं गांवाजवळच्या पुलाखालून दोन बरण्या मासे धरून त्यांत सोडले, व 'आपल्याच ओढ्यांतले आहेत' अशी ग्वाही दिली. पुलाखालीं गांवच्या गटाराचें पाणी येऊन मिळत होतें, ह्याकडे आमचें लक्ष गेलें नाहीं. डास कमी झाले हें खरें. परंतु पुढच्या पावसाळ्यांत तळें सांडव्यावरून वाहिलें, आणि दुसऱ्या वर्षीं खालच्या डोहांत, जेथें पूर्वीं चांदणीचे मासे सहज दिसत, तेथें काठभर राखी माद्या व त्यांचीं पिलें होतीं. चांदणीचा मासा आम्हांस चार फेऱ्यांत एकच दिसला. त्यास दुसरींही कारणें असतील; गप्पी तेथें आमच्या हातून गेले एवढें मात्र निर्विवाद आहे. हद्दीचा दगड न पाहतां नोंद घालूं नये, हें ज्यानें जन्मभर दुसऱ्यांस सांगितलें, त्याच्या हातून ही चूक व्हावी ह्याची आम्हांस अजून लाज वाटते.

आणखी एका प्रकारचा तांबडा मासा पावसाळ्यांत दिसतो, त्याबद्दल विशेष सांगावयाचें आहे. शांत पाण्यांत केसरी-तांबड्या बारीक माशांचा दाट घोळका एकाच जागीं खालवर होतांना दिसतो, व पाहणाऱ्यास वाटतें कीं ही एखादी लहान शोभिवंत जात आहे. हीं मरळीचीं पिलें होत. घोळक्याच्या खालीं त्यांचे आईबाप राखण करीत असतात. पिलें श्वासासाठीं वर येतात तेथें गळ वा भाला टाकला कीं मोठी मरळ हातीं लागते, हें पुष्कळांस ठाऊक आहे. राखणदार गेल्यावर तीं शेंकडों पिलें इतर माशांच्या पोटांत जातात, ह्याचा विचार कोणी करीत नाहीं. एका दिवसाच्या कालवणासाठीं दोन वर्षांचें पीक कापण्यासारखें हें आहे. मरळीचा लहान आप्त ढोक. कांहीं ठिकाणीं त्यास डोकऱ्या म्हणतात. त्याच्या परांना निळसर झांक व केसरी कड असते, आणि कल्ल्यामागचा गोल पर पट्ट्यापट्ट्यांचा असतो. ओल्या गवतावरून तो एका डबक्यांतून दुसऱ्यांत जातो. ह्याचा नर अंडीं व पिलें तोंडांत धरून वाढवितो, तेव्हां गालफुगीचा ढोक जाळ्यांत आल्यास आजारी समजून टाकूं नये. तसाच पाण्यांत सोडावा.

तळ्यांत मासे वाढविणाऱ्यांसाठीं दोन शब्द. ओढ्यांतून धरलेले लहान मासे म्हणजे कटला-रोहूचें बी नव्हे. खवली कितीही चारा घातला तरी बोटाएवढीच राहणार. कटल्याचें बी मोठ्या डोक्यावरून व वर उघडणाऱ्या तोंडावरून ओळखतां येतें. पाठीवर कांटेरी लांब पर व अंगावर उभे पट्टे असलेलीं पिलें आढळल्यास तीं तिलापियाचीं समजावीं. हा आफ्रिकेंतला मासा १९५२ सालीं आपल्याकडे आणला गेला, व एकदां शिरला कीं तळें त्याचेंच होतें. तळें कोरडें करतां येत नसेल तर बी सोडण्यापूर्वीं जुने मासे काढण्यासाठीं एक मीटर खोल पाण्यास हेक्टरीं २५०० किलो मोहाची पेंड टाकण्याची शिफारस केली जाते. आपल्या तळ्यापुरती ती योग्य असेल. परंतु पेंडीचा विषारी अंश उतरावयास पंधरा-वीस दिवस लागतात, व तेवढ्यांत सांडवा मोकळा केल्यास ओढ्यांतील खवली, मुरा, ढोक सर्व एकदम मरतात. ओढ्यांत व नदींत विष घालून वा सुरुंग लावून मासे मारणें हा तर १८९७ च्या मत्स्यकायद्यापासून गुन्हा ठरलेला आहे.

विष मुद्दाम घालावेंच लागतें असें नाहीं. फवारणीचा पंप नदीवर धुण्याची जी संवय आहे, ती तेवढेंच काम करते. एंडोसल्फान माशांस अत्यंत घातक होतें. तें २०११ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या हुकुमानें बंद झालें. परंतु सायपरमेथ्रिन वर्गांतील औषधें आज घरोघर आहेत, व त्यांचें प्रमाण लिटरभर पाण्यांत मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागांत मोजावें इतकें थोडें असलें तरी मासा मरतो. पंप शेतांतच, बांधाच्या आंत, नदीपासून दूर धुवावा. ज्या उतारावर पंप धुतले जातात, तेथें काठाशीं बसून पहावें. पट्ट्यांचा मुरा तेथें दिसत नाहीं, व थोड्या अंतरावर वरच्या अंगास दगड उलटला कीं दिसतो. असें आम्हीं दोन ठिकाणीं पाहिलें आहे.

मासा पहावयाचा झाल्यास हात आधीं ओले करावे, कोरड्या हातानें त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो व पुढें तेथें रोग धरतो. बरणी रुंद तोंडाची, नदीच्याच पाण्यानें भरलेली व सावलींत ठेवलेली असावी. एका बरणींत दोन-तीनहून अधिक मासे घालूं नयेत. तोंड, मिशा, पर, ठिपका ह्या क्रमानें पाहून तिथि, जागा व पाण्याची स्थिति वहींत टिपावी, रंग सर्वांत शेवटीं लिहावा. पाहणें झालें कीं मासे ज्या डोहांतून घेतले त्याच डोहांत सोडावे, दुसऱ्या ओढ्यांत नव्हे. बरणींत चांदणी नसलेला, आंखूड पराचा व झिरमिळ्या शेपटीचा मासा निघाला, तर मात्र तो परत सोडूं नये, कोंबड्यांस घालावा.